काय येते, असे कोणी विचारले तर

नवरात्राच्या नऊ संध्याकाळी चेन्नईच्या मैलापूर भागात कोणाच्याही घरी कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, पाहावयास जावे, तर परतणाऱ्या पाहुणीच्या हाती तांबूल आणि हरभऱ्याचे सुंडल पडते. परंतु ते पडण्यापूर्वी एका विनंतीला तिला सामोरे जावे लागते. विषम संख्येच्या पायऱ्यांवर शुभ्र वस्त्र अंथरून मांडलेले देवादिक, दुकान थाटून बसलेले स्थूल चेट्टियार दांपत्य, मरपाची नावाची लाकडी राजाराणीची जोडी हे सर्व पाहून झाले, उत्तर माडवीथीवरून यंदा कोणती नवी बाहुली आणली याची विचारपूस झाली, की घरातील वडीलधारी मामी सतरंजीकडे बोट दाखवून म्हणते, "बसा, एक गाणे म्हणा." ही विनंती गवयाच्या घरच्या मुलीलाच केली जाते असे नाही. शाळकरी पोर, तिची आई, बँकेतून परस्पर आलेली दमलेली शेजारीण, नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून नुकतीच आलेली आणि तमिळचे अक्षरही न जाणणारी मराठी गृहिणी, या सर्वांना ती सारख्याच सहजतेने केली जाते. जिला गाता येते ती गाते, जिला फारसे येत नाही ती लहानसा श्लोक म्हणते, आणि मामी दोघींपुढेही सारखीच मान डोलावते. येथे कोणी परीक्षक बसलेला नाही, ही गोष्ट त्या नवख्या मराठी गृहिणीच्या ध्यानात येण्यास मात्र एखाददुसरे नवरात्र जावे लागते.

आग्रह करून एखाद्याकडून त्याची कला वदवून घेण्याचा शिरस्ता महाराष्ट्रात नाही असे नव्हे. हळदीकुंकवाला आलेल्या नव्या सुनेला "नाव घ्या" म्हणून गळ घालावी, तिने एकदा लाजावे, दुसऱ्यांदा "मला नाही बाई येत" म्हणावे, आणि तिसऱ्यांदा घरून पाठ करून आणलेला उखाणा ठसक्यात म्हणून टाकावा, ही सगळी रीत ठरलेली आहे. तिच्यातला नकार हाही त्या उखाण्याचाच एक भाग असतो, आणि नकार देणारी आणि आग्रह करणारी या दोघींनाही ते ठाऊक असते. अडचण उत्पन्न होते ती हा घरगुती नकार आपण परक्या प्रदेशात, परक्या माणसासमोर घेऊन जातो तेव्हा. तेथे समोरच्याला तिसऱ्यांदा आग्रह करावयाचा असतो हे माहीत नसते. तो पहिल्याच नकारावर, आपण अवघड काही विचारले असे समजून, ओशाळून गप्प बसतो.

कौशल्याविषयी किंवा छंदाविषयी विचारले असता माणसे साधारणतः दोन प्रकारे फसतात. एक वर्ग मघाच्या नकाराचा: "आम्हाला कुठले काय येते", "होते पूर्वी थोडेफार", "घसा बसला आहे". हा विनय पुष्कळदा खरा असतो, परंतु त्याचा परिणाम मात्र विनयाचा होत नाही. कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या माथी आता आपली समजूत काढण्याचे, आपल्यात काहीतरी आहे हे आपल्यालाच पटवून देण्याचे काम येऊन पडते, आणि स्तुती अशी वसूल करणे हे उघड स्वस्तुतीहूनही समोरच्यास अधिक शिणवते. दुसरा वर्ग जाबजबानी द्यावयास उभा राहिल्याप्रमाणे सर्व तपशील सादर करणाऱ्यांचा: किती परीक्षा दिल्या, कोणत्या साली कोणते पारितोषिक मिळाले, कोणत्या थोर पुरुषाने पाठीवर हात ठेवला. त्यात खोटे काही नसते. पण ऐकणाऱ्याला मध्ये एक शब्द घालावयास जागा उरत नाही, आणि ज्याने केवळ बोलण्याला निमित्त हवे म्हणून विचारले होते तो हां हूं करीत दाराकडे पाहू लागतो.

या दोहोंच्या मुळाशी माझ्या मते एकच गैरसमज आहे, तो असा की प्रश्न आपल्याविषयी आहे. वस्तुतः शंभरातील नव्वद वेळा तो आपल्याविषयी नसतो. विचारणारा आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठी वाट शोधीत असतो, आणि आपले उत्तर जितके त्याच्या मापाचे, तितकी ती वाट मोकळी. आपल्या विद्येची खोली किती यापेक्षा समोरचा कोठवर येऊ शकेल याचा अंदाज घेऊन बोलणे, एवढीच या प्रकरणातील खरी कला.

अपवाद एकच, आणि तो दोन्ही प्रांतांत सारखा. आपल्याकडे कांदेपोहे आणि तमिळ घरी सोज्जी-बज्जी समोर ठेवून जो प्रश्न विचारला जात असे, त्यात वाट शोधण्याचा भाग अल्प आणि माल पारखण्याचा अधिक असे. मुलीने पेटीवर एक चीज वाजवावी, विणलेला रुमाल दाखवावा, किंवा तेथे एक कीर्तनम् म्हणून दाखवावे, आणि लग्न ठरताच पेटीवर जो कपडा पडावा तो कायमचा. अशा प्रश्नाला शोभून दिसणारे उत्तर कोणते, याची चर्चा करण्यात अर्थ नाही. तो प्रश्नच शोभणारा नव्हता.

कर्नाटक संगीताच्या शिक्षणक्रमाने मात्र चेन्नईच्या लोकांना उत्तराची एक फार सोयीची भाषा देऊन ठेवली आहे. ज्या क्रमाने हे गाणे शिकवले जाते त्याची मांडणी परंपरा पुरंदरदासांकडे देते (यांचे मूळ गाव पुण्याजवळचे पुरंदर असेही काही जण सांगतात, यद्यपि विद्वानांत त्यावर एकमत नाही). मायामाळवगौळ रागात प्रथम सरळी वरिसै, मग जंटै वरिसै, मग अलंकार, त्यानंतर गीतम्, स्वरजति, वर्णम्, आणि शेवटी कृती, अशा या पायऱ्या आहेत. त्यामुळे अडयार किंवा मांबळम् येथील एखाद्या मुलीला "गाणे शिकतेस का" असे विचारले, तर ती "थोडे थोडे" असेही म्हणत नाही आणि "उत्तम येते" असेही म्हणत नाही. ती म्हणते, "वर्णमपर्यंत आले आहे," आणि लगोलग कोणाकडे शिकते तेही सांगते. या एका वाक्यात किती गोष्टी साधतात पाहा. उत्तर नेमके आहे, त्यामुळे त्यात बढाई शिरत नाही. पुढे चढावयाची पायरी त्यातच दिसते, त्यामुळे खोट्या नम्रतेची गरज उरत नाही. गुरूचे नाव घेतल्यामुळे श्रेयाचा वाटा आपोआप दुसरीकडे जातो. आणि विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न आयता मिळतो: कोणते वर्णम्, दोन काळांत म्हणतेस का? आपल्याकडेही अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे "मध्यमा झाली" किंवा "विशारदला बसते आहे" असे सांगण्याची सोय आहे, परंतु परीक्षेचे नाव आणि विद्येची पायरी यांत थोडा फरक आहे. परीक्षा उतरली की प्रकरण दप्तरी दाखल होते. पायरीवर मात्र माणूस उभा असतो.

याच शहराच्या एका कारकुनाने आपल्याला काय येते या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे तीन निरनिराळ्या माणसांना दिली, आणि ती तिन्ही लेखी स्वरूपात उपलब्ध आहेत. श्रीनिवास रामानुजन यांची कथा आपण बहुधा अलौकिक प्रतिभेची कथा म्हणून वाचतो, आणि त्यामुळे तिच्यातील एक अगदी लौकिक गोष्ट नजरेआड होते: या माणसाला सुमारे दोन वर्षे दारोदार जाऊन आपल्याला काय येते हे लोकांना समजावून सांगावे लागले, आणि हळूहळू तो ते उत्तम रीतीने सांगावयास शिकला.

कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात आणि मग मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात गणिताखेरीज इतर विषयांत नापास होऊन एफ. ए. ची परीक्षा हातची गेलेली, पदरी पदवी नाही, लग्न झालेले, आणि हातात काय ते एक वहीचे बाड. हे बाड घेऊन ते १९१० साली भारतीय गणित मंडळाचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. हे गृहस्थ डेप्युटी कलेक्टर होते, आणि रामानुजनांची मागणी महसूल खात्यात एखादी लहानशी जागा मिळावी एवढीच होती. अय्यरांनी वह्या पाहिल्या आणि जागा दिली नाही. अशा माणसाला महसुलाच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसवून त्याची बुद्धी गुदमरवण्याची आपली इच्छा नव्हती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यांनी मद्रासेतील गणितज्ञ स्नेह्यांच्या नावे शिफारसपत्रे दिली, आणि त्या पत्रांच्या माळेतून रामानुजन वर्षाच्या अखेरीस नेल्लोरचे कलेक्टर आणि त्याच गणित मंडळाचे कार्यवाह दिवाणबहादूर आर. रामचंद्र राव यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

त्या भेटीचा वृत्तांत राव यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि तो लिहिताना त्यांनी स्वतःच्या थोरवीची जी मिस्किल थट्टा केली आहे तीमुळे तो वाचनीय झाला आहे. त्यांचा एक पुतण्या, ज्याला गणिताचा गंध नव्हता, येऊन म्हणाला की एक मनुष्य आला आहे, तो गणिताचे काही बोलतो, मला समजत नाही, तुम्ही पाहा त्यात काही तथ्य आहे का. आणि राव यांनी, आपल्या गणितज्ञानाच्या समृद्धीत, त्या मनुष्याला समोर येण्याची परवानगी बहाल केली. आत आला तो बुटका, स्थूल, दाढी वाढलेला, फारसा स्वच्छ नसलेला इसम. डोळे मात्र चमकदार, आणि काखेत जीर्ण वही. वही उघडून त्याने आपले शोध सांगावयास प्रारंभ केला. काही असामान्य आहे एवढे राव यांना जाणवले. परंतु हे शहाणपण की वेडेपण, हे ठरवण्याइतके आपले ज्ञान नाही असे पाहून त्यांनी निर्णय तहकूब ठेवला आणि पुन्हा यावयास सांगितले.

खरी गोष्ट घडली ती पुढच्या भेटीत. राव लिहितात की तोपर्यंत त्या तरुणाने आपल्या अज्ञानाचे माप घेतले होते. या वेळी त्याने वहीतील कठीण पाने उघडलीच नाहीत. त्यातले त्यात सोपे निष्कर्ष दाखवले. तेवढेही प्रचलित पुस्तकांच्या पलीकडचे होते, पण राव यांना ते तपासून पाहता आले, आणि एकदा आपल्या बुद्धीने एक पायरी चढल्यावर पुढच्या पायरीवर पाऊल ठेवण्याचा त्यांना धीर आला. मग एकेक करीत तो त्यांना लंबवर्तुळी संकलांपर्यंत, अतिगुणोत्तरी श्रेढींपर्यंत, आणि शेवटी जगाला अद्याप न सांगितलेल्या अपसारी श्रेढींच्या सिद्धांतापर्यंत घेऊन गेला. राव यांची पुरती खात्री पटली. पहिल्या आणि पुढच्या भेटीत रामानुजनांचे गणित बदलले नव्हते. बदलला होता तो सांगण्याचा क्रम. प्रथम ते स्वतः जेथे उभे होते तेथून बोलले, पुढे राव जेथे उभे होते तेथून.

तुम्हाला हवे काय, असे राव यांनी विचारले तेव्हा उत्तर आले की पोटापुरते मिळावे, म्हणजे संशोधन चालू ठेवता येईल. राव यांनी त्यांना मद्रासला परत धाडून काही काळ स्वतःच्या खिशातून खर्च दिला. पण दुसऱ्याच्या पैशावर राहणे त्यांना रुचेना, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. हे दुसरे उत्तर. मॅट्रिक झालो आहे, एफ. ए. पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, तेव्हापासून सारा वेळ गणिताला वाहिला आहे, आणि जागा मिळाल्यास काम नीट करीन असा विश्वास वाटतो, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. अपसारी श्रेढींचा त्यात उल्लेखही नाही. मुख्य हिशेबनिसाला कारकून हवा होता, आणि कारकुनाला आकडे कळतात एवढे त्याला कळणे पुरेसे होते. १ मार्चला दरमहा ३० रुपयांवर ते रुजू झाले.

तिसरे उत्तर १६ जानेवारी १९१३ चे, केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना लिहिलेल्या पत्रातील. वर्षाला २० पौंड पगारावर मद्रासच्या पोर्ट ट्रस्टच्या हिशेब शाखेत कारकून आहे, विद्यापीठाचे शिक्षण नाही, शाळेनंतर मिळालेला फावला वेळ गणितात घालवीत आलो आहे, अशी चार सरळ वाक्ये, आणि मग पानेच्या पाने प्रमेये. येथे पायऱ्या नाहीत, कारण समोरच्याला पायऱ्यांची आवश्यकता नव्हती. दारिद्र्याचा आणि पदवीच्या अभावाचा निर्देश आहे. तो कीव यावी म्हणून की आधीच खुलासा झालेला बरा म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तो दुसऱ्या प्रकारचा वाटतो. फावल्या वेळाचा उद्योग असे म्हणून त्यांनी आपले काम कमी लेखलेले नाही. वेळ कोणता ते सांगितले आहे, आणि काम सोबत जोडले आहे.

तंजावरच्या सरफोजी राजांकडे पाहिले तर चौथाही एक मार्ग दिसतो. दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे लहानपणी काही काळ मद्रासेत राहून मिशनऱ्यांच्या हाताखाली शिकले होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, राजांकडे तंजावरचा किल्ला आणि फुरसत उरली. त्या फुरसतीत त्यांनी जे केले त्याचा पसारा आजही सरस्वती महाल ग्रंथालयात पाहावयास मिळतो: देशोदेशींची पुस्तके, मोडी दप्तरे, धन्वंतरी महालात केलेल्या औषधोपचारांची टिपणे, नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रांसह केलेली नोंद. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला तो १८०३ साली. मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला येऊन गेले, आणि त्यांनी पत्रात या राजाविषयी जे लिहिले ते मोठ्या आश्चर्याचे आहे. लाव्हाझिये आणि लिनिअस यांची वचने तो सहज देतो, शेक्सपियरच्या काव्यगुणांविषयी त्याचे मत बायरनपेक्षा अचूक आहे, इंग्रजीत पद्यही करतो, आणि आसपासचे इंग्रज अंमलदार त्याला घोड्यांचा उत्तम पारखी आणि वाघावर अचूक नेम धरणारा शिकारी म्हणून मानतात. या वर्णनाच्या घडणीकडे लक्ष द्यावे. रसायन आणि काव्य हे बोलण्याच्या ओघात निघाले. घोडे आणि वाघ यांविषयी बिशप इतरांचा हवाला देतो. आपण शिकारीत निपुण आहोत, हे राजाला सांगावे लागलेले दिसत नाही. ते शेजाऱ्यांनी सांगितले. ज्याच्याकडे पुष्कळ काही आहे त्याने पाहुण्याच्या आवडीचे तेवढे बोलावे आणि उरलेले गावाकडे सोपवावे, ही राजेशाही रीत सामान्य माणसालाही परवडण्यासारखी आहे.

नकार देण्याचा हक्क मात्र कलावंताने सोडण्याचे कारण नाही. तंजावरच्या दरबाराचे आमंत्रण आणि नजराणा त्यागराजांनी (१७६७ ते १८४७) नाकारला, आणि तो नकार कल्याणी रागातील एका कृतीतून दिला, असे परंपरा सांगते. आमंत्रण सरफोजींचेच होते असेही म्हणतात. कथा कितपत खरी ते बाजूस ठेवू. ज्या लोकांनी ती दोनशे वर्षे जपली त्यांना काय आवडले हे उघड आहे: नकार मिळाला, आणि नकारात गाणेही मिळाले. वीणा धनम्माळ (१८६७ ते १९३८) यांची तऱ्हा निराळी होती. जॉर्ज टाऊनमधील त्यांच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी निवडक श्रोते जमत, त्यांत मोठमोठे गवई असत, आणि वीणा चालू असताना जराही आवाज त्यांना खपत नसे. कोणी त्यांना आपल्या कलेविषयी चार शब्द बोला म्हणून विचारण्याचा प्रसंग त्या खोलीत आला असेल असे मला वाटत नाही.

थोरामोठ्यांचे हे झाले. बहुसंख्य माणसांची अडचण वेगळीच असते. त्यांना खरोखरच असे वाटते की आपल्याला काही येत नाही. चेन्नईच्या कोणत्याही जुन्या वस्तीत पहाटे फिरावयास निघावे, घरोघरच्या उंबऱ्यापुढे सडा पडलेला असतो आणि त्यावर ओणवी होऊन एखादी बाई चिमटीने तांदळाचे पीठ सोडीत ठिपक्यांभोवती रेघ फिरवीत असते. ती रेघ कोठेही न तुटता, कोठेही न अडखळता सर्व ठिपक्यांना वळसे घालून मूळ जागी येऊन मिळते. याला सिक्कु कोलम म्हणतात. पोंगलच्या आधी मैलापूरच्या उत्सवात रस्त्यावरच याच्या चढाओढी लागतात. पण या बाईला विचारा, तुम्हाला छंद कोणता, तर ती हसून म्हणेल, घरकामातून वेळ कोठे मिळतो. याच कोलमाकडे तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकारी कमला कृतिवासन् यांनी निराळ्या नजरेने पाहिले. संगणकशास्त्रात भाषांची जी औपचारिक व्याकरणे मांडतात तशीच चित्रांची व्याकरणे मांडता येतात, आणि कोलमच्या आकृती त्यांचा उत्कृष्ट नमुना आहेत, हे त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. तेव्हापासून हा विषय परदेशी नियतकालिकांतही चर्चिला जातो. उंबऱ्यापुढच्या बाईने म्हणून आता संगणकाची भाषा बोलावी असे मी सुचवीत नाही. "रोज कोलम काढते, सिक्कु कोलम मला विशेष जमते" एवढे ती म्हणाली तरी पुरे, कारण मग ऐकणारा निश्चितच विचारील की रेघ न तुटता परत कशी येते, आणि चिमूटभर पीठ घेऊन ती दाखवू शकेल.

साहुकारपेठेत सोन्याचांदीची गलाई करणारे जे मराठी लोक आहेत, बहुधा सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडीकडचे, त्यांचेही असेच. जुन्या दागिन्यांची मोड भट्टीत वितळवून, तेजाबाने हीण काढून शुद्ध सोने वेगळे करणे ही हातोटी साधण्यास वर्षे जातात. परंतु गावच्या जत्रेत कोणी पाहुण्याने विचारले तर उत्तर "तिकडे मद्रासला असतो, भट्टी आहे" एवढ्यावर संपते. पोटाच्या धंद्याला कौशल्य म्हणावयाचे नाही, असा काही दंडक आपल्या समाजाने घालून ठेवल्यासारखा दिसतो, आणि मग छंद म्हणून काय सांगावे याची पंचाईत पडते. याउलट, शिवाजीराव गायकवाड नावाच्या, बंगळूरच्या मराठी घरातल्या बस कंडक्टरने मद्रासच्या चित्रपट संस्थेत शिक्षण घेऊन १९७५ साली तमिळ पडद्यावर रजनीकांत या नावाने पदार्पण केले, त्याला आता अर्धशतक झाले. आपण तिकिटे फाडीत होतो हे त्यांनी कधी लपवले नाही, आणि तमिळ प्रेक्षकांना त्यात कधी उणेपणा वाटला नाही.

नोकरीच्या मुलाखतीत विचारला जाणारा छंदाचा प्रश्न याच जातीचा, फक्त कोट चढवलेला. जुन्या महाबलिपुरम् रस्त्यावरील संगणक कंपन्यांत रोज शेकडो अर्जांवर वाचन, संगीत आणि प्रवास हे तीन छंद लिहून येतात. त्यांना हरकत नाही; परंतु जो विषय लिहिला त्यावर दुसरा प्रश्न आला असता सांगावयास एखादी ठोस गोष्ट जवळ असावी. वाचन म्हणणाऱ्याला गेल्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकाविषयी चार वाक्ये बोलता येत नसतील, तर तो रकाना कोरा ठेवणे अधिक सभ्य.

मुलांच्या वतीने आईबापांनी उत्तरे देण्याची जी चाल पडली आहे ती मात्र बंद व्हावी. "आमची भरतनाट्यम् करते, वेदपठणाला जाते, बुद्धिबळात जिल्ह्यात दुसरी आली" असे आई सांगत असते आणि जिच्याविषयी हे चालले आहे ती खांबाआड उभी राहून भिंतीचा पोपडा उकरीत असते. तिला विचारले तर ती कदाचित म्हणेल की मला अडवू आवडतो, म्हणजे नाचाचे ते मूलभूत पदन्यास, कारण त्यात पाय जोरात आपटता येतात. हे उत्तर आईच्या यादीहून किती सरस आहे!

उत्तर देऊन झाल्यावर प्रश्न परत करावा हे सर्वच शिष्टाचार-पुस्तके सांगतात, आणि "आणि तुम्हाला?" असे म्हणून बहुतेकजण ते कर्तव्य उरकतात. चेन्नईत तो मनापासून परत करण्यासारखा एक वर्ग आहे, त्याची गाठ डिसेंबरात, मार्गळीच्या दिवसांत, हमखास पडते. १९२७ साली मद्रासेत काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याला जोडून संगीत परिषद झाली, आणि तिच्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी निघाली. तेव्हापासून वाढत गेलेल्या या हंगामात सकाळपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या सभांतून कच्चेरी, म्हणजे मैफली, चालू असतात, आणि प्रत्येक ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ हटकून बसलेले असतात: शुभ्र वेष्टी, खिशात बारीकशी वही, मांडीवर ताल धरलेला हात. आलापनेचे दोन स्वर पडताच ते वहीत रागाचे नाव टिपतात, आणि गायक कृती सुरू करीपर्यंत शेजाऱ्याला ते सांगत नाहीत. त्यांना "आपण गाता का?" असे विचारले तर ते शांतपणे म्हणतात, "नाही, मी ऐकतो." हे सांगताना त्यांच्या स्वरात ना संकोच असतो ना गर्व, कारण ऐकणे ही त्या शहरात मान्यता पावलेली विद्या आहे, आणि तिच्यात त्यांची हयात गेली आहे. यंदा कोणाची तोडी विशेष वाटली, एवढेच मग पुढे विचारावे. मात्र सभेच्या उपाहारगृहात बसल्यावर विचारावे, आणि दवऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली, कापी दोन वेळा मागवण्याची तयारी ठेवून विचारावे. कारण उत्तर वहीच्या पहिल्या पानापासून सुरू होते.